बालकांमधील तीव्र आंत्रपुच्छदाहाचे निदान

आंत्रपुच्छाला (अपेंडिक्स) अचानक सूज येऊन होणाऱ्या विकाराला तीव्र आंत्रपुच्छदाह (अपेंडिसायटिस) असे म्हणतात. मुलांमध्ये पोटाची तातडीची शस्त्रक्रिया करावी लागण्याचे हे सर्वांत नेहमीचे कारण आहे. सुमारे ७ ते ८ टक्के लोकांना आयुष्यात केव्हातरी हा आजार होतो. त्याचे सर्वाधिक प्रमाण १० ते १९ या वयोगटात आढळते. पाच वर्षांखालील बालकांत तो कमी होतो; मात्र याच वयात तो ओळखण्यास उशीर होण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

केवळ एका चाचणीवरून या आजाराचे निश्चित निदान होत नाही. दुखण्याचा क्रम, पोटाची हाताने केलेली तपासणी, रक्ताच्या चाचण्या, सोनोग्राफी आणि काही तासांच्या अंतराने केलेली फेरतपासणी या सर्वांचा एकत्रित विचार करून निष्कर्ष काढला जातो. निदान वेळेवर झाले तर उपचार सोपे असतात आणि मूल लवकर बरे होते. उशीर झाल्यास आंत्रपुच्छ फुटून पू पोटात पसरतो आणि आजार जिवावर बेतू शकतो.

रोगाची उत्पत्ती

लहान आतडे जेथे मोठ्या आतड्याला मिळते, तेथे मोठ्या आतड्याचा पिशवीसारखा आरंभीचा भाग असतो. त्यास अंधांत्र असे म्हणतात. अंधांत्राला करंगळीसारखी एक अरुंद नळी जोडलेली असते. तिचे दुसरे टोक बंद असते. ही नळी म्हणजे आंत्रपुच्छ. कडक झालेल्या मळाचा खडा अडकल्याने किंवा नळीच्या भिंतीतील लसिका ऊतक सुजल्याने तिचे तोंड बंद होऊ शकते. मग आतील स्राव साठत जातो, दाब वाढतो, जिवाणूंची वाढ होते आणि भिंतीचा रक्तपुरवठा कमी पडू लागतो. अखेरीस भिंत कुजून तिला भोक पडते. लक्षणे सुरू झाल्यापासून साधारणपणे २४ ते ७२ तासांत ही अवस्था येऊ शकते. लहान बालकांत ती अधिक लवकर येते.

दुखण्याची जागा का बदलते, हेही या प्रक्रियेवरून समजते. आंत्रपुच्छातून निघणाऱ्या वेदनेच्या संवेदना मज्जारज्जूच्या ज्या भागात पोहोचतात, त्याच भागात बेंबीभोवतालच्या त्वचेच्या संवेदनाही येतात. त्यामुळे सुरुवातीचे दुखणे बेंबीभोवती आणि मोघम असते. सूज पोटाच्या पोकळीच्या आतील अस्तराला (पर्युदर) टेकली, की दुखणे नेमक्या जागी, बहुधा पोटाच्या उजव्या खालच्या भागात, जाणवू लागते.

मुलांमध्ये निदान अवघड का असते

प्रौढ रुग्ण दुखणे केव्हा सुरू झाले, कोठून कोठे सरकले, हे सांगू शकतो. तीन वर्षांचे मूल फार तर बेंबीवर हात ठेवून रडते. घशाचा संसर्ग, न्यूमोनिया, बद्धकोष्ठता अशा अनेक आजारांत लहान मुले "पोट दुखतंय" एवढेच सांगतात. त्यामुळे तक्रारीवरून आजार ओळखणे कठीण जाते.

शरीररचनेतील फरकही महत्त्वाचा आहे. आतड्यांवर पदरासारखे पसरलेले चरबीयुक्त आवरण (वपा) मोठ्या माणसांत सुजलेल्या भागाभोवती गुंडाळले जाते आणि पू एका जागी अडवून धरते. लहान बालकांत ही वपा पातळ व अपुरी वाढलेली असते, तसेच आंत्रपुच्छाची भिंतही नाजूक असते. म्हणून आंत्रपुच्छ लवकर फुटते आणि पू संपूर्ण पोटात पसरतो. पाच वर्षांखालील निम्म्याहून अधिक रुग्णांत निदानाच्या वेळी आंत्रपुच्छ आधीच फुटलेले असल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे. इसवी सन २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय आढाव्यानुसार, २ ते १२ वर्षे वयाच्या सुमारे २८ ते ५७ टक्के मुलांत पहिल्या तपासणीत हा आजार ओळखला गेला नव्हता. दोन वर्षांखालील बालकांत हे प्रमाण जवळजवळ १०० टक्के होते.

लक्षणे

नेहमीचा क्रम असा: प्रथम बेंबीभोवती दुखू लागते, नंतर भूक जाते व मळमळ किंवा उलटी होते, काही तासांनी दुखणे उजवीकडे खाली सरकते आणि त्यानंतर ताप येतो. सुरुवातीला ताप बहुधा सौम्य असतो. शिकागोचे शल्यचिकित्सक जॉन मर्फी यांनी या क्रमावर विशेष भर दिला होता. आधी दुखणे व मग उलटी, हा क्रम आंत्रपुच्छदाहाकडे बोट दाखवतो. आधी उलट्या-जुलाब व मग दुखणे, हा क्रम जठरांत्राच्या संसर्गात (गॅस्ट्रो) अधिक आढळतो. मुलांमध्ये हा क्रम नेहमीच पाळला जात नाही, त्यामुळे तो नसला म्हणून आजार नाही असे म्हणता येत नाही.

वयानुसार लक्षणांचे स्वरूप बदलते.

नवजात अर्भके: या वयात आजार अत्यंत दुर्मीळ आहे. अर्भकांचे आंत्रपुच्छ नरसाळ्यासारखे रुंद तोंडाचे असते आणि आहार द्रवरूप असतो, त्यामुळे ते सहसा अडत नाही. आजार झाल्यास पोट फुगणे, उलट्या, दूध न पिणे व मलूलपणा ही लक्षणे दिसतात.

दोन वर्षांखालील बालके: उलट्या, ताप, पोट फुगणे, किरकिर आणि जुलाब होतात. उजवी मांडी पोटाशी घेऊन पडून राहणे किंवा उजवा पाय टेकताना रडणे याकडेही लक्ष द्यावे लागते.

दोन ते पाच वर्षे: पोटदुखी, उलटी, ताप व खाण्याची अनिच्छा दिसते. एरवी धावणारे मूल वाकून किंवा लंगडत चालते.

सहा ते बारा वर्षे: दुखण्याची जागा मूल दाखवू शकते. वाहन खड्ड्यातून जाताना, खोकताना किंवा जिना उतरताना दुखणे वाढते.

किशोरवय: लक्षणे प्रौढांसारखी असतात. मुलींमध्ये अंडाशयाचे विकार वेगळे ओळखावे लागतात.

आंत्रपुच्छाचे टोक कोणत्या दिशेला आहे यावरही लक्षणे अवलंबून असतात. ते अंधांत्राच्या मागे असेल तर दुखणे कुशीत किंवा पाठीत जाणवते आणि पोट पुढून मऊ लागू शकते. ते ओटीपोटात उतरलेले असेल तर मूत्राशय व गुदाशय यांना चिथावणी मिळते. अशा वेळी वारंवार लघवीची भावना होते किंवा थोडी थोडी, चिकट शौचास होते. या शौचास जुलाब समजल्याने "गॅस्ट्रो" असे चुकीचे निदान होण्याचे प्रसंग घडतात.

शारीरिक तपासणी

घाबरलेले, रडणारे मूल पोट घट्ट करते. त्यामुळे तपासणीचा खरा अर्थ लागत नाही. म्हणून बालरोगतज्ज्ञ प्रथम दुरूनच निरीक्षण करतात. मूल कसे चालते, पलंगावर कसे चढते, स्वस्थ पडून राहते की तळमळते, हे पाहिले जाते. पर्युदराला सूज असलेले मूल हालचाल टाळते. मुतखड्यासारख्या कळा असलेले मूल अस्वस्थपणे कूस बदलत राहते.

मुलाला पोट फुगवायला, आत ओढायला, खोकायला किंवा एका पायावर उडी मारायला सांगितले जाते. उडी मारताच ते उजवीकडे हात नेत असेल, तर पर्युदराच्या दाहाची शंका बळावते. हेच मूल सहज हसत उड्या मारत असेल, तर ती शक्यता कमी होते. लहान बालकाला आईच्या मांडीवरच तपासतात, त्याच्याशी बोलत राहतात आणि कधी त्याच्याच हातावर हात ठेवून पोट दाबून पाहतात. तपासणी न दुखणाऱ्या, म्हणजे बहुधा डाव्या, बाजूने सुरू करून शेवटी उजवीकडे आणली जाते. दाबताना नजर पोटापेक्षा चेहऱ्यावर ठेवणे महत्त्वाचे असते.

पुढील चिन्हे प्रसिद्ध आहेत:

मॅकबर्नी बिंदू: कंबरेच्या उजव्या हाडाचे पुढचे टोक व बेंबी यांना जोडणाऱ्या रेषेवर, हाडापासून एक-तृतीयांश अंतरावरील जागा. तेथे दाबल्यावर सर्वाधिक दुखते.

रोव्हसिंग चिन्ह: पोटाच्या डाव्या खालच्या भागात दाबल्यावर उजवीकडे दुखते.

सोआस चिन्ह: डाव्या कुशीवर झोपवून उजवी मांडी मागे ताणल्यावर दुखते.

ऑब्ट्युरेटर चिन्ह: उजवी मांडी दुमडून आतल्या बाजूस वळवल्यावर दुखते.

दाबलेला हात एकदम सोडून वेदना पाहण्याची जुनी पद्धत मुलांत शक्यतो टाळली जाते. तीत मुलाला नाहक त्रास होतो आणि पुढे ते पोटाला हात लावू देत नाही. बोटांनी हलके ठोकून पाहणे किंवा खोकायला लावणे यांतून तेवढीच माहिती मिळते. मुलग्यांमध्ये वृषणांची तपासणी आवश्यक मानली जाते. वृषणाला पीळ पडला असता मुलगा संकोचाने फक्त पोटदुखी सांगण्याची शक्यता असते.

वेदनाशामक औषध दिल्यास निदान झाकले जाते, हा समज वैद्यकीय व्यवसायात दीर्घकाळ रूढ होता. डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेल्या वेदनाशामकामुळे मूल शांत होते व तपासणीच्या अचूकतेला बाधा येत नाही, असे मुलांवरील नियंत्रित चाचण्यांतून दिसून आले आहे.

गुणांकन पद्धती

लक्षणे व चाचण्या यांना गुण देऊन आजाराची शक्यता ठरवण्याच्या पद्धती वापरल्या जातात. अल्फ्रेडो अल्व्हाराडो यांनी १९८६ मध्ये मांडलेली पद्धत सर्व वयांसाठी आहे. मदन सॅम्युएल यांनी २००२ मध्ये, ४ ते १५ वर्षे वयाच्या १,१७० मुलांच्या अभ्यासावरून, बालकांसाठी स्वतंत्र गुणांकन मांडले. त्यातील एकूण १० गुणांची विभागणी पुढीलप्रमाणे आहे:

खोकताना, उडी मारताना किंवा ठोकल्यावर उजवीकडे खाली दुखणे – २
उजव्या खालच्या भागात दाबल्यावर दुखणे – २
दुखण्याची जागा उजवीकडे सरकणे – १
भूक नसणे – १
मळमळ किंवा उलटी – १
ताप – १
रक्तातील पांढऱ्या पेशी वाढलेल्या असणे (प्रति घनमिलिमीटर १०,००० पेक्षा अधिक) – १
न्यूट्रोफिल पेशी वाढलेल्या असणे – १

साधारणपणे ३ किंवा कमी गुण असल्यास आजाराची शक्यता कमी, ४ ते ६ असल्यास मध्यम आणि ७ किंवा अधिक असल्यास जास्त मानली जाते. मध्यम गटातील मुलांची सोनोग्राफी व फेरतपासणी केली जाते. गुणांकन हे निर्णयाला साहाय्य करते. केवळ गुणांवरून शस्त्रक्रिया ठरवली जात नाही. अगदी लहान बालकांत ही पद्धत कमी विश्वसनीय ठरते, कारण दुखणे सरकल्याचे किंवा मळमळत असल्याचे ते सांगू शकत नाही.

प्रयोगशाळेतील चाचण्या

रक्तातील पांढऱ्या पेशी व न्यूट्रोफिल यांची वाढ अपेक्षित असते. परंतु ही वाढ इतर अनेक संसर्गांतही होते आणि आंत्रपुच्छदाहाच्या आरंभी ती नसूही शकते. सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन (सीआरपी) हे दाहाचे निदर्शक साधारण १२ तासांनंतर वाढू लागते. म्हणून दुखणे सुरू होऊन थोडाच वेळ झाला असताना आलेल्या सामान्य अहवालाने आजाराची शक्यता संपत नाही.

लघवीच्या तपासणीने मूत्रमार्गाचा संसर्ग ओळखता येतो. सुजलेले आंत्रपुच्छ मूत्रवाहिनीला किंवा मूत्राशयाला टेकले असेल, तर लघवीत थोड्या पूपेशी दिसतात. तेवढ्यावरून मूत्रसंसर्गाचे निदान करून प्रतिजैविके सुरू केली, तर मूळ आजार झाकला जाण्याचा धोका असतो. वयात आलेल्या मुलींमध्ये गर्भधारणेची चाचणीही केली जाते.

प्रतिमा चाचण्या

सोनोग्राफी: मुलांमध्ये ही पहिल्या पसंतीची चाचणी आहे. तीत किरणोत्सार नसतो आणि भूल द्यावी लागत नाही. नेदरलँड्समधील ज्युलियन पायलार्ट यांनी १९८६ मध्ये, पोटावर यंत्र हळूहळू दाबत आतड्यातील वायू बाजूला सारून आंत्रपुच्छ पाहण्याची पद्धत मांडली. ६ मिलिमीटरपेक्षा जास्त व्यास, दाबल्यावर चपटे न होणे, आत मळाचा खडा दिसणे आणि भोवतालची चरबी सुजलेली असणे ही दाहाची चिन्हे होत. अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणानुसार मुलांमध्ये सोनोग्राफीची संवेदनशीलता सुमारे ८८ टक्के व विशिष्टता सुमारे ९४ टक्के आहे. तपासणाऱ्याचे कौशल्य, मुलाचे सहकार्य व पोटावरील चरबी यांवर तिचे यश अवलंबून असते. अहवालात "आंत्रपुच्छ दिसले नाही" असे लिहिलेले असेल, तर त्याचा अर्थ "आंत्रपुच्छ निरोगी आहे" असा होत नाही.

सीटी स्कॅन: याची संवेदनशीलता सुमारे ९४ टक्के आहे. परंतु त्यात क्ष-किरणांची मात्रा अधिक असते आणि वाढत्या वयातील शरीर किरणोत्साराला जास्त संवेदनशील असते. म्हणून सोनोग्राफीने शंका मिटली नाही किंवा गळू झाल्याचा संशय असेल, तेव्हाच तो केला जातो.

एमआरआय: यात किरणोत्सार नसतो व अचूकता सीटी स्कॅनच्या जवळपास असते. मात्र ही सोय सर्वत्र उपलब्ध नाही, खर्च अधिक येतो आणि लहान मुलांना स्थिर ठेवण्यासाठी कधी गुंगीचे औषध द्यावे लागते.

साधा एक्स-रे: आंत्रपुच्छदाहाच्या निदानात याचा उपयोग मर्यादित आहे. आतड्यातील अडथळा किंवा फुप्फुसाच्या खालच्या भागातील न्यूमोनिया ओळखण्यासाठी तो काढतात.

साधर्म्य असलेले आजार

पुढील आजारांत आंत्रपुच्छदाहासारखी लक्षणे दिसू शकतात:

आतड्याच्या पडद्यातील लसिका ग्रंथींना सूज (मेसेंटेरिक लिंफॅडेनायटिस). बहुधा सर्दी-घसादुखीनंतर येते व आपोआप बरी होते.
जठरांत्राचा संसर्ग आणि बद्धकोष्ठता.
मूत्रमार्गाचा संसर्ग व मुतखडा.
उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागाचा न्यूमोनिया. यात श्वास जलद चालतो.
आतड्यात आतडे शिरणे. प्रामुख्याने दोन वर्षांखालील बालकांत. थांबून थांबून कळा येतात व शौचातून रक्तमिश्रित शेंब पडते.
मेकेलच्या अंधवर्धाचा दाह. शस्त्रक्रियेपूर्वी तो वेगळा ओळखणे कठीण असते.
अंडाशयाला किंवा वृषणाला पीळ पडणे.
मधुमेहातील कीटोआम्लता. मधुमेह असल्याचे माहीत नसलेल्या मुलात पोटदुखी व उलटी हेच पहिले लक्षण असू शकते.

भारतात आंत्रज्वर (टायफॉइड), आतड्याचा क्षयरोग आणि जंतांचा प्रादुर्भाव यांचाही विचार करावा लागतो. महाराष्ट्रात विदर्भ व सातपुड्याच्या परिसरातील आदिवासी समाजांत सिकलसेल आजार आढळतो. त्याच्या वेदनेच्या झटक्यात तीव्र पोटदुखी होते, म्हणून अशा भागातील मुलांत आजाराचा पूर्वेतिहास विचारणे व आवश्यक ती रक्तचाचणी करणे महत्त्वाचे ठरते. उलटपक्षी, सिकलसेल असलेल्या मुलालाही आंत्रपुच्छदाह होऊ शकतो. त्यामुळे प्रत्येक पोटदुखी त्या आजाराच्या नावावर टाकणे धोक्याचे असते.

निरीक्षण व फेरतपासणी

पहिल्या तपासणीत चित्र स्पष्ट नसेल, तर मुलाला रुग्णालयात ठेवून काही तासांच्या अंतराने, शक्यतो त्याच डॉक्टरांनी, पुन्हा पुन्हा तपासणे हा निदानाचाच एक भाग मानला जातो. आंत्रपुच्छदाह हा वेळेबरोबर पुढे सरकणारा आजार आहे. संसर्गजन्य पोटदुखी बहुधा उतरत जाते, तर आंत्रपुच्छदाहाचे दुखणे वाढत व एका जागी स्थिर होत जाते. सकाळी संदिग्ध असलेले चित्र सायंकाळपर्यंत स्पष्ट होऊ शकते. सोनोग्राफीही काही तासांनी पुन्हा केल्यास उपयुक्त ठरते.

मुलाला घरी पाठवताना केवळ "गॅस्ट्रो आहे" असे न सांगता, कोणते लक्षण दिसल्यास परत यावे, हे पालकांना स्पष्ट सांगणे आवश्यक असते. दुखणे उजवीकडे सरकणे, सहा-आठ तासांत न थांबता वाढत जाणे, चालताना वाकणे, हिरवी उलटी, पोट कडक किंवा फुगलेले होणे, वाढता ताप आणि मलूलपणा ही अशी लक्षणे होत. विशेष लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की आंत्रपुच्छ फुटताच आतील दाब कमी होऊन दुखणे काही काळ एकदम हलके होऊ शकते. मूल बरे झाल्याचा भास होतो. त्यानंतर काही तासांतच ताप व पोटफुगी वाढते.

घरगुती उपाय व समजुती

महाराष्ट्रात मुलाच्या पोटदुखीवर ओवा, हिंग, शेक असे उपाय प्रथम केले जातात. दुखणे बेंबीभोवती असल्यास "बेंबी सरकली" असे समजून पोट चोळण्याची प्रथाही आढळते. आंत्रपुच्छदाहाची सुरुवात बेंबीभोवतीच होत असल्याने अशा समजुतीत महत्त्वाचे तास निघून जाऊ शकतात. सुजलेल्या आंत्रपुच्छावर पोट जोराने चोळणे, एरंडेल किंवा अन्य जुलाब देणे आणि एनिमा देणे धोकादायक मानले जाते, कारण त्याने आतील दाब वाढून ते फुटण्याची शक्यता असते. मेळघाटात पोट फुगलेल्या बालकांच्या पोटावर तापलेल्या लोखंडाने चटके देण्याची "डंबा" नावाची प्रथा आहे. तिच्यामुळे बालकाला इजा होते आणि मूळ आजारावरील उपचारही लांबतात. कारण समजेपर्यंत मुलाला खायला न देणे आणि लवकर डॉक्टरांना दाखवणे हे अधिक सुरक्षित असते.

निदानानंतर

आंत्रपुच्छ काढून टाकण्याची शस्त्रक्रिया हा प्रमुख उपचार असून ती बहुधा दुर्बिणीद्वारे केली जाते. न फुटलेल्या आंत्रपुच्छाच्या निवडक रुग्णांत केवळ प्रतिजैविकांनी उपचार करता येतात, परंतु काहींना आजार पुन्हा होतो व शस्त्रक्रिया करावी लागते. आंत्रपुच्छ फुटल्यास पर्युदरदाह, पोटातील गळू, रक्तातील जंतुसंसर्ग आणि पुढे आतडी चिकटून अडथळा येणे हे उपद्रव संभवतात, तसेच रुग्णालयातील मुक्काम वाढतो. पूर्वी उशीर टाळण्यासाठी संशयावरूनच शस्त्रक्रिया होत आणि काढलेल्या आंत्रपुच्छांपैकी साधारण १५ ते २० टक्के निरोगी निघणे स्वीकारार्ह समजले जाई. प्रतिमा चाचण्यांमुळे हे प्रमाण बरेच घटले आहे.

इतिहास

आंत्रपुच्छ काढण्याची पहिली ज्ञात शस्त्रक्रिया एका मुलावरच झाली. १७३५ मध्ये लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात क्लॉडियस अमियँड यांनी ११ वर्षांच्या मुलाच्या अंतर्गळावर (हर्निया) शस्त्रक्रिया केली. त्यात उतरलेल्या आंत्रपुच्छाला टाचणीने भोक पडले होते. ते त्यांनी काढले व मुलगा बरा झाला.

पुढेही दीड शतक या दुखण्याचे मूळ अंधांत्रात आहे असे मानले जात होते. अमेरिकेतील रेजिनाल्ड फिट्झ यांनी १८८६ मध्ये आजाराचे मूळ आंत्रपुच्छात असल्याचे दाखवून "अपेंडिसायटिस" हे नाव रूढ केले आणि लवकर निदान व शस्त्रक्रियेचा आग्रह धरला. न्यूयॉर्कचे चार्ल्स मॅकबर्नी यांनी १८८९ मध्ये वेदनेच्या बिंदूचे वर्णन केले. इंग्लंडमधील फ्रेडरिक ट्रीव्ह्ज हे या आजाराचे नामवंत शल्यचिकित्सक होते. तरीही १९०० मध्ये त्यांची मुलगी हेटी आंत्रपुच्छ फुटून दगावली. दोन वर्षांनी, २४ जून १९०२ रोजी, राजे सातवे एडवर्ड यांच्या आंत्रपुच्छालगतच्या गळूवर त्यांनी शस्त्रक्रिया केली. त्यामुळे २६ जूनचा राज्याभिषेक ऑगस्टपर्यंत पुढे ढकलावा लागला. जर्मनीतील कील येथे कुर्ट झेम यांनी १९८० मध्ये दुर्बिणीद्वारे आंत्रपुच्छ काढले.

हे सुद्धा पाहा

आंत्रपुच्छ
पर्युदरदाह
सोनोग्राफी
सिकलसेल आजार
बालरोगशास्त्र